चढाला दम टाकणारी जुनी स्प्लेंडर: पेट्रोल कुठं अडतंय ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००३ ची हिरो होंडा स्प्लेंडर, खानापूरहून बेळगावला रोजची ये-जा. सकाळी एका किकला चालू होते, गावातल्या गावात काही तक्रार नाही. हायवेला लागून पन्नासच्या वर नेली की गणेबैलच्या आसपास झटके मारायला लागते, पिकअप जातो आणि बंद पडते. पाच-दहा मिनिटं कडेला थांबलं की परत चालू. जांबोटीच्या बाजूला, चढाला, मागं माणूस बसलेला असला की आणखी लवकर. मेस्त्रींनी कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला, प्लग नवा टाकला. आता नवा कार्बोरेटर घ्या म्हणतात. घ्यावा का?

एवढ्यात घेऊ नका. कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) कचरा अडकला असता तर गाडी नुसतं थांबून बरी झाली नसती. कचरा दहा मिनिटांत आपोआप निघून जात नाही. थांबल्यावर जो दोष जातो, तो दोन प्रकारचा असतो. एकतर थांबलेल्या वेळात काहीतरी हळूहळू भरून येतं (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल किंवा टाकीत हवा), नाहीतर काहीतरी थंड होतं (प्लगला करंट देणारे भाग: पल्सर कॉइल, इग्निशन कॉइल, सीडीआय). तुमच्या वर्णनावरून पहिल्याची शक्यता जास्त वाटते, पण दुसरं खोडून काढल्याशिवाय पैसे घालू नका.

खोडून काढायला एक पारदर्शक बाटली, सपाट स्क्रू ड्रायव्हर आणि हातभर पारदर्शक नळी पुरे. आधी घरी, गाडी नीट चालत असताना, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) ऑफ करा, फ्लोट चेंबरच्या तळाच्या ड्रेन निपलला नळी लावा, ड्रेन स्क्रू एक-दीड आटा सैल करा आणि चेंबरमधलं पेट्रोल बाटलीत काढा. पातळी जिथं आली तिथं स्केच पेनने खूण करा. हे तुमच्या गाडीचं भरलेल्या चेंबरचं माप. मग बाटली-नळी डिकीत टाका आणि नेहमीच्या रस्त्याला लागा.

झटके सुरू झाले की पहिलं काम म्हणजे चालत्या गाडीत चोक अर्धा ओढणं. क्षणभर का होईना गाडीनं उचल खाल्ली तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. चोकनं आणखी घुसमटली तर पेट्रोल जास्त होतंय किंवा करंट जातोय. बंद पडताक्षणी गाडी कडेला घ्या आणि लगेच कॉक ऑफ करा. टाकीचं झाकण उघडायचं नाही. आपल्याकडे गाडी बंद पडली की पेट्रोल आहे का बघायला हात पहिल्यांदा झाकणाकडेच जातो, आणि नेमका तिथंच पुरावा नाहीसा होतो. आता घरी केलं तसंच चेंबर बाटलीत रिकामं करा. नळीचं टोक सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि कडेला उभ्या असलेल्या कुणाच्या हातात निपाणीची बिडी असेल तर त्याला आधी लांब पाठवा.

बाटलीत खुणेपर्यंत पेट्रोल आलं तर टाकीपासून चेंबरपर्यंतची वाट ठीक आहे. मग करंट बघा. चार थेंब आले तर इंजिन उपाशी मेलंय. तसं असेल तर ड्रेन उघडाच ठेवून कॉक ऑन करा आणि धार बघा. बारीक धार येत असेल तर आता झाकण उघडा. उघडताना ‘फुस्स’ झालं आणि धार लगेच जाड झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे, कार्बोरेटरचा काही संबंध नाही. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली तर अडथळा कॉक, पाइप किंवा फ्लोटच्या नीडलपाशी (चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारी-अडवणारी सुई). एवढं पाच मिनिटांचं काम केलं की निम्मे पर्याय तिथंच गळतात.

झाकणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण अशा तक्रारीत सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते तिथंच. या गाडीत पेट्रोल पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली. जे काही येतं ते स्वतःच्या वजनानं. ही उंची वीतभरच, त्यामुळे पेट्रोल खाली ढकलणारा जोर हवेच्या दाबाच्या दोन टक्केही भरत नाही. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा टाकीत आली पाहिजे. ती आली नाही तर आतला दाब थोडासा उतरतो आणि धार थांबते. टाकी फुल्ल असताना आत हवेला जागाच कमी असते, म्हणून थोडं पेट्रोल गेलं तरी दाब पटकन उतरतो. टाकी अर्धी असताना तेवढाच दाब उतरायला बरंच जास्त पेट्रोल जावं लागतं. म्हणून नीट आठवा: पेट्रोल फुल्ल केल्याच्या दिवशी गाडी जास्त छळते का? तसं असेल तर संशय जवळजवळ पक्का. भोक अर्धवट बुजलेलं असेल तर गावात, कमी पेट्रोल लागतं तेव्हा, हवा पुरते. हायवेला लागलं की पुरत नाही. तुमची तक्रार याच्याशी तंतोतंत जुळते.

टाकीवर रेक्झिनचं कव्हर घातलंय का तेही बघा. झाकणावरून ताणून बसवलेलं कव्हर भोकावर दाबून बसतं. पावसाळ्यात झाकणाला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली तरी तेच होतं. पिशवी बांधण्यामागचं कारण खरं आहे, खानापूर-कणकुंबी पट्ट्यातल्या पावसात किल्लीच्या भोकातून पाणी झिरपतं. पण पिशवी उभ्या गाडीला, चालत्या गाडीला नाही. कव्हर-पिशवी नसेल तर झाकण काढून उलटं करा. खालच्या रबरी गॅस्केटच्या आत हवेचा मार्ग असतो. खानापूरकडची लाल धूळ आणि किल्लीत सोडलेलं तेल मिळून तिथं चिकट चिखल होतो. रबर काढा, झाकण पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशनं घासा आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेनं बाहेरून आत फुंकून घ्या. ड्रिल मारून भोक मोठं करू नका. पुढच्या पावसात टाकीत पाणी जमेल. नवं झाकण घेतलं तरी बसवण्याआधी फुंकून बघा, काही स्वस्त झाकणांत हवेचा मार्ग नीट पाडलेलाच नसतो.

झाकण निर्दोष ठरलं तर कॉककडे या. धार किती असावी याचा हिशेब सोपा आहे. ताशी ६० च्या वेगानं गाडी लिटरला ६० किलोमीटर देत असेल तर तासाला एक लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण १७ मिली पेट्रोल लागतं. डबल सीट, चढ, पूर्ण रेस अशा वेळी ते ४० मिलीपर्यंत जातं. कार्बोरेटरकडचं पाइपाचं टोक काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडून मोबाइलवर एक मिनिट लावा. दीडशे मिली किंवा जास्त आलं तर निश्चिंत. शंभरच्या खाली आलं तर साफसफाईची वेळ झाली. पन्नास-साठ येत असेल तर ४० ची गरज भागतेय असं वाटेल, पण ही मोकळी धार आहे. नीडलच्या बारीक तोंडातून जाताना ती आणखी कमी होते. ऑन आणि रिझर्व्ह दोन्हीवर मोजा. रिझर्व्हवर जास्त आणि ऑनवर कमी असेल तर टाकीतली उभी नळी किंवा तिची जाळी गंजानं भरलीय. झाकण बंद ठेवून अर्धा-पाऊण लिटर सलग वाहू द्या. सुरुवातीची जाड धार हळूहळू बारीक होत गेली तर पुन्हा झाकणच. एका मिनिटाच्या चाचणीत हा दोष निसटू शकतो.

कॉक काढायचा म्हणजे टाकी रिकामी करायची. कॉकच्या खाली वाटी असेल तर पाना जपून लावा, पितळी-अॅल्युमिनियमचे आटे एका झटक्यात जातात. वाटीतला गाळ एकदम फेकून देऊ नका, पांढऱ्या ताटलीत ओता. तपकिरी भुकटी म्हणजे टाकीचा गंज. काळे मऊ तुकडे म्हणजे पाइपाचं किंवा कॉकमधल्या वॉशरचं रबर झडतंय. तळाशी वेगळा गोळा होऊन हलणारा थेंब म्हणजे पाणी. बाहेर आलेल्या गाळावरून पुढचं काम ठरतं; गंज दिसला आणि नुसती वाटी धुतली तर महिन्याभरात परत हेच. वाटीची ओ-रिंग आणि कॉकमधला चार भोकांचा रबरी वॉशर नवाच टाका. फुगलेल्या वॉशरची भोकं आक्रसतात, बाहेरून काही दिसत नाही.

पाइप मूळ लांबीचाच हवा. लांब पाइप टाकला की तो वर कमान घेतो किंवा सिलिंडरच्या फिनला टेकतो. कमानीत हवा अडते, फिनजवळ पेट्रोल गरम होऊन वाफ होते. चढावर दोन्हीचा परिणाम एकच. मध्ये नंतर लावलेला फिल्टर असेल तर चाचणीपुरता काढून टाका. पंपाच्या गाडीचा कागदी फिल्टर नुसत्या वजनावर चालणाऱ्या टाकीला पुरेसं पेट्रोल सोडत नाही. लावायचाच तर जाळीचा, मोकळा, बाणाची दिशा पाळून आणि खालच्या उताराला. फिल्टरमध्ये थोडी हवा दिसली तर घाबरू नका.

चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारी फ्लोटची नीडल हा पुढचा नाका. जुन्या नीडलच्या रबरी टोकावर बोटानं जाणवेल अशी गोल खाच पडते. ती खाच गळतीला कारण होते, आणि कधी कधी चिकटून राहून पेट्रोल अडवतेही. मागचं स्प्रिंगचं टोक दाबून सोडल्यावर ते परत वर आलं पाहिजे. फ्लोट हाताला सैल हलतो का, त्याची पिन वाकलीय का, हे बघा. फ्लोटची पातळी तपासायला खोलायची गरज नाही. ड्रेनची पारदर्शक नळी कार्बोरेटरला चिकटवून वर धरा, कॉक ऑन करा, ड्रेन सैल करा. नळीत पेट्रोल जिथं स्थिरावेल ती आतली पातळी. चेंबरच्या गॅस्केटच्या रेघेच्या किंचित खाली असेल तर बरोबर. बरीच खाली असेल तर सपाट रस्त्यावर चालेल, चढाला आणि पूर्ण रेसला दम टाकेल.

एक जागा जवळजवळ सगळेच विसरतात: कार्बोरेटरची स्वतःची हवेची नळी. चेंबरलाही हवा लागते, टाकीसारखीच. ही बारीक नळी इंजिनामागून खाली सोडलेली असते. ती कुठं चेपली, टोकाला कुंभारमाशीनं माती भरली किंवा चिखलानं बंद झाली, तर लक्षणं हुबेहूब झाकणासारखी, फक्त झाकण उघडून काही फरक पडत नाही. मलप्रभेच्या किंवा नाल्याच्या बुडीत पुलावरून पाणी कापत गाडी काढली आणि मधेच बंद पडली, तर नळीचं टोक पाण्यात बुडालं होतं का ते आधी बघा. लगेच प्लग सुकवत बसू नका.

आता जेट. कार्बोरेटर दोनदा धुतला म्हणता, पण जेट बाहेर काढून उजेडात धरून बघितले का हे मेस्त्रींना विचारा. नुसता स्प्रे मारणं म्हणजे धुणं नव्हे. स्लो जेटचं भोक केसाएवढं असतं, महिनोन्महिने उभ्या गाडीत पेट्रोल उडून राहिलेला चिकट थर तिथं बसतो. पण त्यानं रेस सोडल्यावर गाडी बंद पडेल, हायवेला नाही. मेन जेट बुजला तर हायवेला त्रास होईल, पण तो थांबल्यावर जाणार नाही. भोकात सेफ्टी पिन किंवा लोखंडी तार कधीच घालू नका. कीहिनच्या मेन जेटवरचा आकडा साधारणपणे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. दोन-तीन शतांशानं भोक वाढलं तरी अॅव्हरेज कोसळतं आणि मग कारण सापडत नाही. वायरीतला तांब्याचा एक धागा किंवा नायलॉनच्या ब्रशचा केस वापरा, उलट्या बाजूनं हवा मारा. बाजारातला बिनछापाचा कार्बोरेटर घालण्यापेक्षा मूळ कार्बोरेटरला नीडल, गॅस्केट, ओ-रिंगचा किट घालणं केव्हाही शहाणपणाचं. चेंबरची कड वाकडी झाली असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासा. नाहीतर उद्यमबागेत कुणीही टर्नर ती सरळ करून देईल. कार्बोरेटर आणि इंजिनामधली ओ-रिंग चपटी झाली की बाहेरची हवा आत शिरते. चालू गाडीत त्या जोडावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडा. रेस बदलली तर हवा तिथूनच जातेय.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. उत्तर कर्नाटकातल्या उसाचं इथेनॉल होऊन ते पेट्रोलमध्ये परत आपल्याच टाकीत येतं, ही गोष्ट बेळगाव-चिकोडी पट्ट्यात तरी वेगळी सांगायला नको. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच हवेसाठी थोडं जास्त पेट्रोल लागतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७, याला साडेतेराच्या आसपास. २००३ चे जेट त्या हिशेबाचे नाहीत, म्हणून गाडी किंचित उपाशी चालते, गरम होते, रेस सोडताना सायलेन्सरमधून फुटते. चोकवर बरी वाटते. स्लाइडमधल्या नीडलला (फ्लोटची नव्हे, रेसबरोबर वर-खाली होणारी) खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली बसवा, नीडल वर येते आणि पेट्रोल थोडं वाढतं. पण हे शेवटी. धार मोजल्याशिवाय क्लिप हलवली तर दोन दोष एकमेकांत मिसळतात.

इथेनॉलचा खरा त्रास म्हणजे पाणी आणि रबर. ते हवेतला ओलावा शोषतं आणि जुन्या पाइप-वॉशरचं रबर फुगवतं. १० टक्के मिश्रणात लिटरमागे ५ मिलीच्या आसपास पाणी विरघळून राहतं. त्याहून जास्त झालं की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं, आणि कॉकच्या तोंडाशी पहिल्यांदा तेच येतं. काचेच्या बाटलीत पाव लिटर पेट्रोल काढून दहा मिनिटं हलवू नका. खाली वेगळी रेघ दिसली तर सगळी टाकी रिकामी करायची, ‘वरून ताजं भरलं की निघून जाईल’ असं म्हणायचं नाही. चोर्ला घाटातून येताना कॅनमध्ये भरून आणलेलं आणि महिनाभर गोठ्यात ठेवलेलं पेट्रोल तर टाकीत घालूच नका.

टाकीत गंज दिसला तर टाकी उतरवून कॉकच्या जागी बूच मारा, मूठभर लहान नट मोजून आत टाका, थोडं रॉकेल किंवा डिझेल घालून खळखळवा, मोजून बाहेर काढा. मग साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा घालवून स्वयंपाकाचं व्हिनेगर गळ्यापर्यंत भरून रात्रभर ठेवा. सकाळी ओतून द्या, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, साध्या पाण्यानं दोनदा, आणि लगेच उन्हात, आत हवा मारत सुकवा. हे काम जून ते सप्टेंबर करू नका. व्हिनेगरनं उघडा झालेला पत्रा दमट हवेत तासाभरात परत लालसर होतो. सुकल्याबरोबर आत थोडं पेट्रोल फिरवून टाकी भरून टाका.

बाटली खुणेपर्यंत भरली असती तर काय, तेही सांगतो. सांडलेलं पेट्रोल पुसून, पाच मिनिटं थांबून, जुना प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाच्या धातूला टेकवा आणि किक मारा. कडक निळा करंट आला नाही, आणि पंधरा मिनिटांनी थंड झाल्यावर आला, तर पल्सर कॉइल किंवा सीडीआय. हा दोष बहुतेक वेळा बटण दाबल्यासारखा एकदम येतो. पेट्रोलचा दोष आधी पिकअप खातो, झटके देतो आणि मग गाडी बंद पाडतो. करंटही कडक असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) घट्ट झालेत का ते गार इंजिनावर बघून घ्या.

नवी नीडल, ओ-रिंग घालून कार्बोरेटर बसवलात की कॉक ऑन करून दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहा. खालच्या नळीतून थेंब आला तर नीडल बसलेली नाही. ओव्हरफ्लोची नळी बुजलेली असताना हे रात्रभर चालू राहिलं तर पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची गेज काढून वास घ्या. पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर किक मारू नका, आधी ऑइल बदला.